तू एकटीनं वर्ग उघडू नकोस गं

पाळकसाहेबांनी कमिटीत सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, ‘आता आपल्याकडे यातली शिकलेली मुलगी आहे, दिव्यांग मुलांचा वर्ग ती बघेल,’ आणि तू मान डोलावून घरी आलीस, होय ना? आता रात्री-अपरात्री मला मेसेज करतेस की ताई, माझ्यानं होणार नाही. आठवडाभर शाळेत आयईपी, म्हणजे एकेका मुलाची शिक्षणयोजना, लिहा, पालकसभा घ्या, आणि रविवारी पुन्हा तेच. वर आई म्हणते, देवानं कृपादान दिलंय, वापर. बघ, कृपादान आहे हे मलाही मान्य. पण कृपादान मिळालेल्या बाईनं रविवारी निवांत बसून प्रवचन ऐकायचं नाही, असं कुठे लिहिलेलं मला तरी अजून सापडलेलं नाही.

खरं सांगू का, तुझ्यानं होणार आहे. फक्त त्यांनी सांगितलंय तसं करायचं नाही.

त्या मागच्या खोलीची किल्ली आधी परत कर. तीच ना, जिथे मोडकी बाकं आणि नाताळच्या गोठ्याचं सामान ठेवतात? ती झाडून, भिंतीवर फुलपाखरं चिकटवून तिथे पाचसहा पोरं बसवली की सगळ्या मंडळीला हायसं वाटतं. पोरं मागे गेली, उपासना शांत झाली, वार्षिक अहवालात एक परिच्छेदही वाढला. आणि तू? तू त्या पोरांबरोबर आत. गाणी भिंतीपलीकडून ऐकायची, प्रभुभोजन सगळ्यांचं आटोपल्यावर. पोराच्या आईला तेवढा तास मोकळा मिळतो हे खरं, आणि ते काही कमी नाही. त्या तासाला मी नावं ठेवणार नाही. तिला तो हवा असेल तर आपण देऊच. पण सुरुवात तिथून नको. कुणी दमलं, घाबरलं, गोंगाट असह्य झाला की पाच मिनिटं बसायला ती खोली ठेव. बसायचं मात्र सगळ्यांनी सगळ्यांत.

मग सुरुवात कुठून? एका घरातून. एकाच. यादी करू नकोस, सर्वेक्षणाचे फॉर्म छापू नकोस. पूर्वी दर रविवारी येणारं आणि हल्ली न दिसणारं एक घर तुला नक्की आठवेल. त्यांच्याकडे संध्याकाळी जा, चहा पी आणि विचार. बार्तीमयाची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवलीस! तो आंधळा आहे हे सगळ्या यरीहोला दिसत होतं. लोक त्याला गप्प बसवत होते, आपल्याकडेही बसवतातच. आणि येशूनं त्याला जवळ बोलावून आधी काय केलं? तुझ्यासाठी मी काय करू, असं त्यालाच विचारलं. आपण शिकलेल्या बायका हेच विसरतो. आपल्याला निदान माहीत असतं, त्यामुळे माणूस माहीत आहे असं वाटायला लागतं.

त्या घरातल्या मुलाच्या आईला विचार, तो कशाला घाबरतो, कशानं खुलतो, शी-शूला जायचंय हे कसं सांगतो, फिट येते का, गोळ्यांची वेळ कुठली, कुठल्या वेळी दमतो. आणि त्यालाही विचार. तो बोलत नसला तरी त्याच्याकडे तोंड करून, त्याच्या वयाला शोभेल अशा आवाजात विचार. तुझ्यासारखीला हे सांगायला नको, पण मी पाहिलंय, शाळेत अगदी नीट वागणाऱ्या बाया चर्चच्या पायरीवर आल्या की चौतीस वर्षांच्या बाप्याला ‘अले अले, आला का आमचा बाळ’ म्हणतात. शेवटी आईला विचार, यायचं का थांबवलंत? उत्तर ऐकायला तयार राहा. बहुतेक वेळा ते उत्तर पायऱ्यांचं नसतं. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी वळून बघितलेलं असतं. एकदा नाही, दर रविवारी.

कमिटीत कुणी म्हणेलच, हे नवीन फॅड कुठून काढलं. तेव्हा गप्प बसू नकोस. भारतातल्या बहिऱ्या मुलांसाठीच्या अगदी पहिल्या शाळांमधली एक मुंबईत माझगावला 1885च्या सुमारास निघाली, ती कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं. अंधांसाठीची देशातली पहिली शाळा अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला 1887मध्ये काढली. आपल्या मराठी मिशनचंच सांगायचं तर 1900 साली, छप्पनच्या दुष्काळानं पोरं अनाथ झाली त्या दिवसांत, अ‍ॅना मिलार्डबाईंनी मुंबईत अंध मुलांना जवळ घेऊन शिकवायला सुरुवात केली. दादरची अंध मुलींची शाळा आज उभी आहे ती त्यातूनच. आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात अंध बायकामुली ब्रेल शिकत होत्या. स्वतः रमाबाईंना कमी ऐकू यायचं, हे तुझ्या कमिटीतल्या किती जणांना माहीत असेल? 1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर व्हायचं मनात होतं. कानांमुळे ते राहून गेलं. पुढे त्याच बाईनं साध्यासुध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. तेव्हा फॅड म्हणणाऱ्यांना म्हणावं, हे आपल्या घराण्यातलंच आहे.

पण इथेच मला एक खुपतं, ते तुझ्याजवळ बोलते. आपल्या लोकांना संस्था काढता येतात. वसतिगृहं, शाळा, टोपल्या विणायचे वर्ग, व्हीलचेअर वाटप, सगळं येतं. शेजारी बसवून घेता येत नाही. एखाद्यासाठी काहीतरी करायचं म्हटलं की मंडळी पुढे धावते; त्याच माणसाबरोबर एका बाकावर बसून एकाच पुस्तकातलं गाणं म्हणायचं म्हटलं की अवघडते. म्हणून तुझं शिक्षण तू पोरांवर कमी आणि मंडळीवर जास्त खर्च कर, असं माझं मत आहे. पोरांना आठवडाभर शिकवणारं कुणी ना कुणी असतं. मंडळीला कोण शिकवणार?

आता कामाचं बोलू.

स्वमग्न मूल असेल तर आधी आवाजाचं बघ. आपल्या चर्चमध्ये हल्ली स्पीकर केवढे मोठे झालेत! ढोलकी, टाळ, कीबोर्ड चालतं गं, पण माइक शिट्टी मारतो ना, तिथे ते पोर कोलमडतं. साउंडवाल्या मुलाशी दोस्ती कर, पाळकसाहेबांपेक्षा तो तुझ्या जास्त उपयोगी पडेल. कानावर लावायचे मफ दोन जोड घेऊन ठेव. बसायची जागा दाराजवळची, कडेची, दर रविवारी तीच. आणि उपासनेत काय काय होणार याची चित्रपट्टी कर: गाणं, प्रार्थना, वाचन, प्रवचन, दान, आशीर्वाद, घर. एवढंच. मी हौसेनं वीसेक चित्रं लॅमिनेट करून वेल्क्रो लावून नेली होती. प्रार्थनेच्या ऐन शांततेत, ज्याच्यासाठी नेली त्या आमच्या राजांनी एकेक चित्र चर्रर्र करून उपटलं आणि पुन्हा लावलं. अख्ख्या मंडळीनं डोळे मिटून ते ऐकलं. तेव्हा तू वेल्क्रो नको लावूस. आणि चित्रं नेटवरची नकोत, त्यातलं चर्च परदेशातलं टोकदार असतं. मोबाइलवर आपल्याच चर्चचे, आपल्याच पाळकांचे फोटो काढ.

त्याला आधी मधल्या वारी रिकाम्या चर्चमध्ये आण. फिरू दे, बाकावर बसू दे, कीबोर्डची दोन बटणं दाबू दे. मग पहिल्या रविवारी फक्त शेवटच्या गाण्याला आणि आशीर्वादाला आण. तुला कॉलेजात बॅकवर्ड चेनिंग शिकवलंय ना, शेवटची पायरी आधी? आपल्या आयांनी पोळी अशीच शिकवली की आपल्याला; आधी नुसतं तूप लावायला दिलं, मग तव्यावर उलटायला, लाटणं हातात आलं ते फार नंतर. इथेही तेच कर. शेवटचा भाग त्याला जमला की तो हसत घरी जातो, लोक त्याला हसताना बघतात. मग हळूहळू एकेक भाग मागे सरकव. दोन तासांची उपासना पहिल्याच दिवशी बसून काढ म्हणशील तर बघ, मोठ्यांनाही ते जमत नाही. तेही मध्येच मोबाइल काढतात, त्यांना कुणी बाहेर नेत नाही एवढंच.

अंध माणसाची सोय तर इतकी सोपी आहे की न केल्याची लाज वाटावी. शनिवारी गाण्यांचे आणि वाचनाचे भाग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ना, ते पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पाठवतात. फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या सोयीला फोटोतली अक्षरं नीट मिळतीलच असं नाही. टाइप करून पाठवायला सांग. वयस्कर मंडळींसाठी मोठ्या अक्षरातल्या, अठरा पॉइंटच्या चार प्रती काढ. मागतील बघ, चष्मेवाले आधी मागतील. बहिऱ्या माणसाचं जरा अवघड. खुणांची भाषा ही भाषा आहे, चार हावभाव शिकून ती येत नाही. दिल्लीला 2015 पासून या भाषेची सरकारी संस्था आहे, तिचा शब्दकोश नेटवर बघता येतो, तेवढी तरी सुरुवात तरुण संघानं करावी. तोवर बोलणाऱ्यानं तोंड समोर ठेवावं, कागदात बघून पुटपुटू नये, आणि गाणं-वाचन पडद्यावर दिसावं. एक मात्र कर. दर वेळी त्याच्या आईला किंवा बहिणीला दुभाषी म्हणून उभी करू नकोस. ती बिचारी स्वतः कधी उपासना करणार? ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो नावाचं अ‍ॅप आहे, ते तुला माहीत असेलच. त्यात नेहमीच्या शब्दांबरोबर आमेन, सलाम, गाणं, बस झालं आता असली चर्चची बटणं भरून दे. ‘बस झालं आता’ हे बटण मला स्वतःला काही प्रवचनांना हवं होतं.

व्हीलचेअरचं बोलायला लागले की मी चिडते, आधीच सांगते. कमिटी म्हणेल, तरुण पोरं आहेत की चार, उचलून नेतील. नाही म्हणायचं. उचलताना माणूस पडतो, आणि न पडला तरी दर रविवारी पोत्यासारखं वर जायचं कुणाला आवडेल? पक्षघाती माणसाला येशूकडे नेणाऱ्या त्या चौघांनीही आधी छप्पर उघडलं, ते विसरू नका म्हणावं. आता हिशेब लक्षात ठेव: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट उतार. हे ऐकून गवंडी हसतो. म्हणतो, मॅडम, सहा फुटांत बसवून देतो. आमच्या इथे असाच एकदा बसवला, त्यावर संडे स्कूलची पोरं घसरगुंडी खेळायची, व्हीलचेअर कधी चढली नाही. जागा पुरत नसेल तर उतार वळवून घ्यायचा, वळणावर आणि वर दारापाशी पाच फुटांची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा, दार तीन फूट मोकळं. आत मधल्या ओळीतलं एक बाक अर्धं कापून जागा करा. पुढे प्रदर्शनाला नको आणि मागे चपलांपाशीही नको. आणि वाचनाचा स्टँड खाली आणून ठेवा. दारापर्यंत उतार झाला आणि वेदीपुढच्या तीन पायऱ्या तशाच राहिल्या, तर तो माणूस आयुष्यभर श्रोताच राहणार ना? संडासाचं मी लिहीत बसत नाही, तू जाऊन बघ आणि बघितल्यावर कमिटीला बघायला ने.

प्रभुभोजनाचा प्रश्न निघणार. ‘त्याला कळतं का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या भल्या माणसांवर रागावू नकोस, त्यांच्या मनात पवित्र गोष्टीचा आदर असतो. वसईच्या तुझ्या कॅथलिक मैत्रिणींकडे या बाबतीत बरीच स्पष्टता आहे. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्येच लहान मुलांसाठी दंडक सोपा केला: साधी भाकर आणि ही भाकर यांत फरक कळला तर मूल घेऊ शकतं. आणि ज्यांना अपंगत्व आहे त्यांना झेपेल तसं धर्मशिक्षण मिळतंय हे बघणं त्यांच्या चर्चच्या कायद्यानं तिथल्या फादरवर बंधनकारक आहे. आपल्याकडे निर्णय पाळकांचा आणि मंडळीचा. तो त्यांचा त्यांना घेऊ दे. तू फक्त त्यांना दाखव की हा मुलगा ती भाकर बिस्किटासारखी मागत नाही, हात जोडून थांबतो. आणि मनात दावीदाच्या मेजावरचा मफीबोशेथ ठेव. दोन्ही पायांनी अधू माणूस रोज राजाबरोबर जेवायला बसायचा. कुणी त्याची तोंडी परीक्षा घेतल्याचं शमुवेलात नाही.

सराव मात्र करून घे. रांगेत उभं राहणं, हात पुढे करणं, घेणं, खाणं, पिणं, परत येणं, असे तुकडे पाडून, घरी साध्या भाकरीवर आणि सरबतावर. सेरेब्रल पाल्सी असेल तर गिळण्याचं त्याच्या थेरपिस्टला विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. अगदी छोटा तुकडा, द्राक्षरसात भिजवलेला, ताठ बसवून. ठसका लागला तर पाळकसाहेब घाबरतात आणि मग पुढच्या वेळी टाळतात, म्हणून त्यांनाही एकदा सरावाला बसव.

आता जरा नाजूक. बरं करण्याच्या प्रार्थना. अशा मुलाच्या आईला कुणीतरी स्वयंपाकघरातल्या हलक्या आवाजात विचारणारच, घरात काही पाप-शाप होतं का गं? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीही हेच विचारलं होतं, जन्मांधाकडे बोट दाखवून. प्रभूनं तिथल्या तिथे नाही म्हटलं, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. ते पान उघडून विचारणाऱ्या बाईंच्या हातात दे. प्रार्थनेला माझी ना नाही, मी स्वतः करते. पण विचारल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, व्हीलचेअरवरच्या माणसाला धरून उभं करायचं नाही, आणि ‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य चर्चच्या आवारात कुणी उच्चारलं तर तू माझं नाव सांग, मी येते.

फिट आली तर काय करायचं हे मात्र सगळ्या मंडळीला तोंडपाठ हवं. आसपासचं टणक सामान बाजूला, डोक्याखाली काहीतरी मऊ, माणसाला कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा एकामागून एक आली तर गाडी काढायची. भूत काढायला कुणी पुढे आलंच तर त्याला गाडी काढायला पाठव. आणि बाहेरच्या एखाद्या सभेत कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं असेल तर त्या आईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.

या बरं होण्याच्या प्रश्नावर मला बरेच दिवस एक पुस्तक पुरलं. नॅन्सी आइस्लंड नावाच्या अमेरिकन अभ्यासक होत्या, जन्मापासूनच हाडांच्या व्यंगासह जगलेल्या. त्यांचं ‘द डिसेबल्ड गॉड’ 1994मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या हातापायांवरच्या जखमा गेल्या नाहीत. त्यानं त्या शिष्यांना दाखवल्या. म्हणजे मोडलेलं शरीर घेऊनही तो पूर्णच होता. थोमाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण शंकेखोर थोमाच्या नादात त्या हातांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. पुनरुत्थानाच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना हा विषय सुचवून बघ.

सुरक्षेचं कुणाला सांगायचं तर तोंड कडू होतं, तरी सांग. कुठलंही मूल किंवा मोठं माणूस एकाच कार्यकर्त्याबरोबर बंद खोलीत नको, नेहमी दोघं. कपडे बदलणं, संडासला नेणं कोण करणार हे घरच्यांशी आधी ठरलेलं. आपल्याकडे ‘ते तर घरचेच’ म्हणून सगळं चालतं. फ्रान्समध्ये 1964 साली लार्श नावाची संस्था सुरू करणाऱ्या ज्याँ व्हानिएंना लोक जिवंतपणी संत मानायचे. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांबरोबर एका घरात राहायचं हे त्यांनी जगाला शिकवलं, आपल्या देशातही त्यांची आशा निकेतनं आहेत. 2019मध्ये ते गेले आणि 2020मध्ये त्यांच्याच संस्थेनं चौकशी करून जाहीर केलं की त्यांनी बायकांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या बायका अपंग नव्हत्या. पण विचार कर, बोलत्या-चालत्या बायकांना वर्षानुवर्षं सांगता आलं नाही, तर आपली पोरं काय सांगणार? म्हणून नियम सगळ्यांना, तुलाही, पाळकसाहेबांनाही. अठराच्या आतल्या मुलाबाबत काही कळलं तर पॉक्सो कायद्यानं, 2012च्या, पोलिसांना कळवणं भागच आहे. कमिटीत मिटवायची ती बाब नाही.

बरं, जरा आनंदाचं. कामं वाट. गाण्याची पुस्तकं देणं, घंटा वाजवणं, दानाची थैली फिरवणं, दारात उभं राहून सलाम करणं. डाउन सिंड्रोम असलेला एक तरुण आमच्याकडे दारात उभा राहायला लागला, आणि इतकी वर्षं खिशात हात घालून आत शिरणारे आमचे वडीलधारे आता रांगेत थांबून हात मिळवतात. पौलानं करिंथकरांना लिहिलंच आहे की शरीरातले दुबळे वाटणारे अवयव तर जास्तच गरजेचे. काम मात्र खरं हवं, कौतुकाचं नको. चुकलं तर सांगायचं, रजा हवी तर मागू द्यायची. आणि कृपा कर, नाताळच्या नाटकात दरवर्षी त्यांना मेंढरूच करू नकोस! व्हीलचेअरवरच्या एखाद्या मुलीला गब्रीएल कर की. 3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, नेहमी आगमनकाळातच येतो. त्याच्या जवळच्या रविवारी ब्लँकेटं वाटून फोटो काढायचा बेत कमिटी आखेल. त्याऐवजी वाचन, प्रार्थना, दान सगळं त्यांच्याच हाती द्या. आणि पुढच्या रविवारी ते थांबवू नका. नागपूरला कचेरी असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये या विषयाचं स्वतंत्र काम चालतं. तुला प्रवचनासाठी, उपासनेसाठी काही हवं असेल तर त्यांना लिही.

आणि एक गोष्ट तुला आईबाप चहाचा कप खाली ठेवताना विचारतील, दारापर्यंत आल्यावर विचारतील. आमच्यानंतर याचं कोण? तेव्हा घाईनं ‘देव आहे ना’ म्हणू नकोस गं. देव आहे, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्याबरोबर बसून कागद बघ. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर पालकत्व मिळतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा. निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. चर्चमधला कुणी निवृत्त कारकून गाठ, असे कागद त्यांच्याइतके कुणाला जमत नाहीत, आणि तेही कुणी काम सांगेल याची वाटच बघत असतात. मग चारपाच घरं अशी तयार कर की ज्यांना त्या मुलाची गोळी, आवडती भाजी, झोपायची वेळ आणि चिडल्यावर काय करायचं ते माहीत आहे. महिन्यातून एकदा तो एकेकाकडे जेवायला जाऊ दे. त्याच्या बहिणीला त्या दिवशी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जाऊ दे, तिलाही विचार, तिला कुणीच विचारत नाही. हे सरकारी योजनेत मिळत नाही बघ. हे मंडळीच करू शकते, आणि त्यासाठी डिप्लोमा लागत नाही.

तेव्हा पाळकसाहेबांना उद्या काय सांगायचं? वर्ग घेणार नाही, पण दोन महिन्यांतून एकदा अर्धा तास मंडळीला शिकवीन. प्रत्येक कुटुंबामागे दोन सोबती तुम्ही नेमा, त्यांना मी तयार करीन. आणि रविवारी मी गायनपथकात उभी राहणार, माझी अल्टोची जागा कुणाला देऊ नका. हे एवढं एका दमात बोल, मध्ये ‘म्हणजे तसं काही नाही पण’ घालू नकोस. ते आधी नाराज होतील. होऊ देत. पाळकबाईंना आधीच गाठून ठेव, त्या तुझ्या बाजूच्या आहेत, मला माहीत आहे.

आणि हो, गवंडी यायच्या आत टेप घेऊन पायऱ्यांची उंची मोज आणि मला इंच पाठव. फोटो नको, इंच.